हुडीवरची फवारणी

शब्बीर मिस्त्रीच्या कहकशांइतकं घाबरट माणूस मी आर्णीत दुसरं पाहिलं नाही, आणि माझा सगळा जन्म आर्णीत गेला आहे. ती पालीला घाबरायची. पंख्याला घाबरायची, म्हणजे तो अंगावर पडेल म्हणून त्याच्या बरोबर खाली कधी बसायची नाही. माझ्या नवऱ्याला तर विनाकारणच घाबरायची. नीळकंठराव तहसीलमधून रिटायर झालेले, घरात त्यांना कुत्रं विचारत नाही, पण ही पोरगी त्यांना पाहिलं की ओढणी सावरून भिंतीला चिकटायची. नाव मात्र केवढं, तर कहकशां. म्हणजे आकाशगंगा, असं तिनंच मला सांगितलं होतं. मी म्हणायचे, "अगं, एवढे तारे घेऊन फिरतेस अन् पालीला भितेस?" ती हसायची आणि छताकडे एकदा बघून घ्यायची.

आमची आणि त्यांची भिंत एकच. समोर रस्त्यावर शब्बीरभाऊंचं दुकान. वर्षभर तिथं मोटारसायकली दुरुस्त व्हायच्या आणि पेरणी झाली की फवारणीचे पंप. कोणाची बॅटरी बसलेली, कोणाचं नोझल तुंबलेलं, कोणाची टाकी गळकी. मागच्या खोलीत कहकशांचं छपाईचं मशीन होतं. ती नागपूरला एका छपाईवाल्याकडे कामाला होती. त्यानं धंदा गुंडाळला तेव्हा जुनं मशीन हिच्या गळ्यात बांधलं. टेम्पोतून ते मशीन उतरलं तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती, फक्त ही घरात लपून बसली होती. कोणीतरी म्हणालं, शब्बीरभाऊ, पोरीऐवजी तुम्हीच चालवा.

पण चालवलं तिनंच. हे मशीन कागदावर छापावं तसं थेट कापडावर छापतं. टी-शर्ट असेल तर ठीक, कापड सपाट असतं. हुडी म्हणजे नुसता वैताग. टोपी जाड, खिसा जाड, शिवणी उभ्या, टोपीच्या नाड्या लोंबत्या. छापणारा भाग कापडाच्या इतक्या जवळून फिरतो की मध्ये शिवण आली की आदळलाच. नागपूरला म्हणे एकानं असंच आदळून मशीन कायमचं बंद पाडलं होतं. कहकशां टोपी उलटी दुमडायची, नाड्या पाठीमागे चिकटपट्टीनं बांधायची, खिशाची उंची भरून काढायला छातीखाली जाड फोमचा तुकडा सरकवायची आणि मग बोटांनी सगळं चाचपायची, बाळाचं डोकं चाचपावं तसं. हुडीच्या कापडाला बारीक लव असते. ती आधी गरम प्रेसखाली दाबून बसवली नाही तर छापा भुरकट येतो. पांढरी शाई तळाशी बसते, म्हणून ती रोज सकाळी हलवायची. आमच्याकडची हवा कोरडी, शाई नळीतच वाळते. म्हणून आर्णीत भर थंडीत कूलर चालणारं घर तेवढं एकच. शब्बीरभाऊ स्वेटर घालून कूलरसमोर बसलेले मी पाहिले आहेत.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिच्या भीतीपाठी चांगली छपाई होती, एवढंच. दुसरा माणूस एकदा तपासेल तिथं ही पुन्हा पुन्हा तपासायची. दिग्रसहून, कळंबहून लोक तिच्याकडे यायला लागले. हुड्या मात्र तिरुपूरच्या. कापूस आमच्या डोळ्यांसमोर पिकतो, गाठी बांधून जातो आणि टोपी लावून परत येतो. या गोष्टीचा मला राग येतो, पण माझ्या रागाला विचारतं कोण.

मी सांगते आहे ते वर्ष सगळ्या जिल्ह्याला आठवतं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीला लावून आत शिरलं की फवारा वर उडायचा आणि तोंडावर पडायचा. एवढं औषध मारूनही बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळत असायची. आणि माणसं पडायला लागली. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. धडधाकट बाप्ये शेतातून आले की डोळे चोळत बसायचे, तोंडातून लाळ, समोरचं दिसेना, मग गाडी करून यवतमाळ. काही परत आले, काही आले नाहीत. त्या दिवसांत आर्णीत लहान मुलांनासुद्धा ती लक्षणं तोंडपाठ होती. कोणी नुसतं डोळे चोळले तरी घरचे गाडी शोधायला धावायचे.

दिवाळी झाली आणि थंडी पडली तेव्हा डोंगरसिंग राठोड कहकशांकडे आले. हे फौजेतून परतलेले, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना पहाटे मैदानावर पळवायचे. तांड्यांवरची, आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं. त्यांना काळ्या हुड्या हव्या होत्या. छातीवर पांढऱ्या शाईत पळणारं माणूस, खाली अकॅडमीचं नाव. "पोट्टे थंडीत कुडकुडून राह्यले बेटी," ते म्हणाले, "अन् छापा असा पाह्यजे का धावतानी दुरून दिसला पाह्यजे."

काळ्यावर पांढरं म्हणजे सगळ्यात अवघड काम. छापण्याआधी कापडावर एक पातळ लिक्विड फवारावं लागतं, नाहीतर पांढरी शाई कापडात मुरते आणि अक्षरं राखेसारखी दिसतात. हे लिक्विड अगदी एकसारखं पडायला हवं. थेंब पडला तर डाग, कमी पडलं तर भेगा. तिच्याकडे हातानं दाबायची बाटली होती, ती ऐन वेळेस थुंकायला लागली. पहिली हुडी वाया गेली. दुसरीवर पळणाऱ्या माणसाचा एक पायच उडाला. कहकशां ती लंगडी हुडी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली, डोळे भरलेले. "काकू, हे काम माया हातून नाई होत. मी त्यायले नाई म्हणून सांगतो." आमच्याकडे बायकाही 'सांगतो'च म्हणतात.

शब्बीरभाऊंनी हे दुकानातून ऐकलं असणार. दुपारी त्यांनी तिच्यासमोर एक बॅटरीचा पंप आणून ठेवला. धुऊन पुसून लख्ख केलेला, नवा पट्टा, नवी वायर. त्यांनी बटण दाबलं आणि नोझलमधून असा बारीक फवारा निघाला की हवेत नुसतं धुकं. "तुया बाटलीनं जे नाई झालं ते हा करून देईन," ते म्हणाले. आयुष्यभर पंप दुरुस्त केलेला माणूस. एकसारखा फवारा कसा पाडायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पोरीसाठी काही करता आलं म्हणून त्यांचं तोंड फुललं होतं. कहकशांनं एकदा विचारलं, "अब्बा, धुतला ना नीट?" ते म्हणाले, "सर्फ टाकून धुतला, बाप्पा. तुया जेवणाचं ताट नाई धुतलं एवढं."

छापा असा उमटला की काय सांगू. काळ्या कापडावर पांढरा माणूस, त्याची बोटंन् बोटं वेगळी, कडा सुरीनं कापल्यासारख्या. इतकं चांगलं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. ती एकेक हुडी उचलून उजेडात धरायची आणि हसायची. पहिल्यांदाच तिला मी न घाबरता काम करताना पाहत होते. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. लिक्विडला तसाही आंबूस वास असतो, प्रेसखाली तो आणखी उठतो. मशीनकडे बघून बघून डोळे थकले असतील म्हणून मी तिला आल्याचा चहा दिला. संध्याकाळी डोंगरसिंग येऊन हुड्या घेऊन गेले आणि पोरांना मैदानावर बोलावून त्यांनी तिथंच वाटून टाकल्या. पोरं त्या अंगात घालूनच घरी गेली.

पुढचा दिवस रविवार, मैदानाला सुट्टी. त्या दिवशी दिवेलागणीला कहकशां माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पंप ठेवण्याआधी स्वच्छ करावा म्हणून तिनं तो सगळा उघडला होता. टाकी स्वच्छ होती. पण हातात धरायच्या दांड्याच्या मुठीत एक बारीक जाळी असते, ती कोणी काढत नाही. तिच्या हातात कागद होता, कागदावर ती जाळी, आणि जाळीला निळसर चिखलासारखं काहीतरी जाड चिकटलेलं.

"काकू, फक्त पाहा," ती म्हणाली. "हुंगू नका."

हुंगायची गरजच नव्हती. तो वास त्या वर्षी साऱ्या गावाला ठाऊक होता. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ती भराभर सांगत सुटली. सगळं लिक्विड या जाळीतून गेलं. सगळ्या हुड्यांवर. पोरं त्या अंगाला लावून पळणार, घाम येणार, थंडीमुळे टोपी तोंडावर ओढणार.

मी शब्बीरभाऊंना हाक मारली. त्यांनी जाळी पाहिली आणि खालीच बसले. कहकशांनं विचारलं, "अब्बा, कोणाचा पंप व्हता हा?"

त्यांनी जाळी पुन्हा कागदात गुंडाळली.

"अब्बा."

"वामनरावचा," ते म्हणाले.

वामनराव कोण, ते आम्हाला सांगावं लागलं नाही. पोळ्याच्या सुमारास त्यांनी पंप दुरुस्तीला टाकला होता. दुसऱ्याचा पंप मागून आणून ते फवारणीला गेले आणि शेतातच कोसळले. परत आलं ते त्यांचं मढं. पंप न्यायला कोणी आलं नाही, येणार तरी कोण. तो दुकानात पडून होता. शब्बीरभाऊंना वाटलं, कोणाच्या तरी कामी येईल.

"दोनदोनदा प्रेसखाली गेल्या त्या," शब्बीरभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. "एवढ्या गरमीत काय राह्यलं असन त्याच्यात?"

"मंग ते गेलं कुठं, अब्बा? त्या खोलीतच ना? मायं डोकं काहून दुखत व्हतं?"

हे ऐकल्यावर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला तिथं उभं राहवेना. बापाच्या डोळ्यांत एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती. ते उठले, तिचे डोळे वर करून दिव्याखाली पाहिले, तोंड उघडायला लावलं, हात धरून बोटं दाबली. मग पुन्हा खाली बसले.

तिनं डोंगरसिंगना फोन लावला. ते तांड्यावर गेलेले, तिथं रेंज नाही. पोरं कोणकोणत्या गावची, ते आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. पहाटे मैदानावर येतील तेव्हाच काय ते. कहकशां म्हणाली, "मी सकाळी जाऊन सांगतो."

"सांगजो," शब्बीरभाऊ म्हणाले. आवाज एकदम खालचा. "पण सांगितल्यावर काय होईन ते ऐकून घे. कोणी असं नाई म्हणणार का शब्बीरच्या पोरीच्या हातून चूक झाली. म्हणतील, यायनं आमच्या लेकरायच्या कपड्यात औषध टाकलं. यायनं. समजून राह्यलं ना तुले?"

मला राग आला. शब्बीरभाऊंवर नाही. त्यांचं बोलणं खोटं आहे, आपल्या गावात असं कोणी म्हणणार नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना, याचा राग आला. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे पंप या माणसानं दुरुस्त केले, त्यांच्यातलंच कोणीतरी हे म्हणेल, आणि त्याचं नावसुद्धा मी सांगू शकले असते. मी नुसती "असं काही होत नाही हो" म्हणाले. आम्हा तिघांपैकी कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

"काकू," ती जाताना म्हणाली, "मले लय भेव वाटून राह्यलं."

"कशाचं, पोरी?"

"दोन्हीचं."

झोप कोणाला लागते. भिंतीपलीकडे कूलर मात्र बंद होता, ते लक्षात आलं.

पहाटे ती स्कूटी घेऊन दारात आली. मी नीळकंठरावांना म्हटलं, चहा तुम्ही करून घ्या, आणि शाल गुंडाळून मागे बसले. काही अंतर गेलो तर मागून ओळखीचा आवाज. शब्बीरभाऊ आपल्या मोटारसायकलवर, अंगात नुसता सदरा, मफलरसुद्धा नाही.

मैदानावर धुकं होतं आणि पोरं पळत होती. टोप्या ओढलेल्या, तोंडातून वाफा. डोंगरसिंगना हवं होतं तसंच झालं होतं. दुरून माणसं दिसत नव्हती, नुसते पांढरे छापे पळताना दिसत होते. एक पोरगं कडेला थांबून डोळे चोळत होतं. घाम असेल, झोप असेल, काहीही असेल. कहकशांनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

डोंगरसिंग समोर येऊन उभे राहिले, "काय बेटी, इतक्या सकाळी?" म्हणाले, आणि हिच्या तोंडातून शब्द फुटेना. शब्बीरभाऊ पुढं झाले. "पंप मी धुतला व्हता, राठोडसाहेब," ते म्हणाले. "चूक मायी हाय. पोरीची नाई."

"कोणता पंप?"

तेव्हा ती ओरडली. डोंगरसिंगकडे नाही, सरळ मैदानाकडे तोंड करून. "काढा! अंगातल्या काढा त्या! त्याच्यात औषध हाय!"

तो आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. पळणारी पोरं थांबली. मग तिनं सगळं सांगितलं, वामनरावांच्या नावासकट. डोंगरसिंगांचा चेहरा दगडासारखा होत गेला. त्यांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि हुकूम सोडला, "हुडी उतार!"

थंडी मरणाची. पोरांनी हुड्या काढल्या आणि समोर ढीग घातला. जुने शर्ट, भोकं पडलेले बनियन. मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याच्या कानात काही पुटपुटलं. मला ऐकू आलं नाही. शब्बीरभाऊंना आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मी त्या पोराकडे असे डोळे वटारले की ते गप्प झालं, पण डोळे वटारून काय होतं. ज्याला त्याला डोळे दुखताहेत का, मळमळतंय का, हे डोंगरसिंग विचारत पुढं सरकत होते. कहकशां त्यांच्या मागून, प्रत्येकाचं तोंड न्याहाळत.

पोरींच्या रांगेत शेवटी जमना होती. ठेंगणी, काटक, तांड्यावरची. तिनं हुडी काढली नव्हती. दोन्ही हातांनी खालची कड धरून ती उभी होती. डोंगरसिंग ओरडणार तेवढ्यात कहकशां पुढं झाली. "काढ न माय. मी दुसरी देतो. मायाजवळची देतो. पण काढ."

"ताई, वास तर शनिवारीच आलता," जमना म्हणाली.

"मंग सांगितलं काहून नाई?"

"मले वाटलं मायाच अंगाचा हाय."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती. तिला फक्त ते खरं वाटलं होतं. तिनं आम्हाला समजावूनही सांगितलं. बा तुरीवर फवारून राह्यला, ड्रममध्ये औषध ती कालवते, काठी सापडली नाही तर हातानं, आणि त्याच्या पंपात भरून देते. शाळा कायमची सुटली तेव्हापासून हेच. मग त्याच कपड्यांत पहाटे मैदानावर. तिनं हुडीची बाही वर सरकवली आणि आतल्या शर्टाची बाही कहकशांच्या नाकाजवळ धरली. "हे पाहा ना. हा बी तसाच येते."

कहकशांनं ती बाही हुंगली. मग हुडीची हुंगली. मग पुन्हा आतली. कोणता वास आपल्या पंपाचा आणि कोणता या पोरीच्या घरचा, हे तिला कळेना. मला तिच्या तोंडावर ते दिसत होतं. रात्रभर ती दुकानासाठी भ्यायली होती, बापासाठी भ्यायली होती, गाव काय म्हणेल त्याला भ्यायली होती. ते सगळं भय तोंडावरून उतरलं, आणि त्याच्या जागी जो राग आला तो पाहून मीच एक पाऊल मागं सरकले.

जमना वाट बघत होती. सांगितलेलं करायचं, एवढंच तिला डोंगरसिंगांनी शिकवलं होतं. तिनं हुडी डोक्यावरून काढली, घडी घालून ढिगावर ठेवली आणि कुडकुडत पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहिली.

"मंग ताई," तिनं विचारलं, "हा आतला बी काढू काय?"